लहान मुलांचा रोजा: किती तासांचा, कोणत्या वयात आणि कधी सोडायचा

परभणीहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी साडेसात वर्षांची, वजन 22 किलो. थोरल्या भावाचं बघून तिलाही यंदा पूर्ण रोजा धरायचा आहे. सासूबाई म्हणतात, आपल्या घरात सातव्या वर्षीच रोजा कुशाई (पहिल्या रोजाचा समारंभ) होते. शाळा सुरू आहे आणि परीक्षा तोंडावर आहे. हो म्हणावं की नाही, आणि हो म्हटलं तर सुरुवात कशी करावी?

थेट उत्तर असं: पूर्ण रोजा यंदा नको, पण शिकवायला यंदाच लागा. इच्छा तिची स्वतःची आहे, आणि असा उत्साह दर वर्षी असतोच असं नाही. या वयाला जोहरपर्यंतचा (दुपारच्या नमाजपर्यंतचा) रोजा पुरे. तोही सुट्टीच्या दिवशी, आणि पहिले काही दिवस पाणी पिण्याची मुभा ठेवून. पूर्ण रोजा साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास, तोवरची तयारी नीट झाली असेल तर.

सासूबाईंच्या बोलण्याला आधार नाही असं नाही. सातव्या वर्षापासून मुलांना नमाज शिकवा आणि दहाव्या वर्षी त्यात कसूर होऊ देऊ नका, अशा अर्थाची हदीस (पैगंबरांच्या वचनांची-वागण्याची नोंद) आहे. अनेक फुकहांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) तोच हिशेब रोजालाही लावला. पण लावताना ‘मुलाला झेपत असेल तर’ ही अट घातली, आणि घरोघर नेमकी तीच गळून पडते. रोजा फर्ज (बंधनकारक) होतो तो बालिग झाल्यावर, म्हणजे वयात आल्यावर. मुलीला पाळी येणं, मुलाला स्वप्नावस्था (झोपेत वीर्यपात) होणं ही त्याची खूण. ती दिसलीच नाही तर बहुतेक उलेमांच्या मते चांद्र हिशेबाने 15 वर्षं पूर्ण झाल्यावर, म्हणजे इंग्रजी कॅलेंडरने साडेचौदाच्या सुमारास. त्याआधी ठेवलेल्या रोजाचा सवाब (पुण्य) आहे, पण तो मोडला तर मुलावर कजा (नंतर भरून काढायचा रोजा) नाही आणि कफ्फाराही (प्रायश्चित्त) नाही. ही गोष्ट मुलीला पहिल्याच दिवशी, दादीच्या समोर सांगा. मग संध्याकाळी चार वाजता डोकं दुखायला लागलं तर ती लपवणार नाही.

बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत पैगंबरांच्या काळातल्या रुबय्यि बिन्त मुअव्विज यांची हदीस आहे. आशुराच्या (मोहरमच्या दहाव्या) दिवशी आम्ही रोजा धरायचो आणि मुलांनाही धरायला लावायचो, असं त्या सांगतात. मुलांसाठी लोकरीची खेळणी करून ठेवायचो, आणि कुणी खाण्यासाठी रडलं की इफ्तारपर्यंत ते खेळणं हातात द्यायचो. पूर्वीपासून मुलांना सवय लावली जायची ती अशी, सोबत बसून आणि मन रमवून.

आता शरीराचं. उपाशीपणी मोठ्यांचं शरीर यकृतात साठवलेल्या साखरेवर बरेच तास निभावून नेतं. मुलांचा हा साठा लहान असतो, आणि मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा व साखर भरपूर खाणारा. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाची साखर मोठ्यांपेक्षा लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळायला लागतं. दुपारनंतर अशा मुलाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, तो यामुळेच. वजनाच्या तुलनेत त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असल्याने पाणीही लवकर कमी होतं. हट्टी मूल हे सगळं सहन करतं आणि त्याची ताकद चांगली आहे असं घरच्यांना वाटतं. खरं तर ते फक्त गप्प झालेलं असतं.

तास आधी नीट मोजा. 2026 चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये होता, 2027 चा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. या दिवसांत महाराष्ट्रात रोजा सुमारे 13 तासांचा असतो. दर वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2030 मध्ये तर तो दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी. तेव्हा रोजा सव्वाबारा तासांच्या आसपास असेल आणि हवाही थंड. 2018 मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. त्या उन्हात शिकलेल्या मुलांच्या मानाने आजच्या मुलांना पुढची बरीच वर्षं सोपी आहेत. तुमची मुलगी अकरा-बारा वर्षांची होईल तेव्हा दिवस सगळ्यांत लहान असतील, मग घाई कशासाठी? आणखी एक, वेळापत्रक आपल्याच गावच्या मशिदीचं वापरा. परभणीत सूर्य मुंबईपेक्षा 15-16 मिनिटं आधी मावळतो, नागपुरात सुमारे 25 मिनिटं आधी. मोबाइलवर शहर मुंबईच राहिलं तर मूल संध्याकाळी विनाकारण पाव तास ताटकळतं, आणि सकाळी सहरी (रोजाआधीचं पहाटेचं जेवण) वेळ संपल्यावरही चालू राहते.

शिकवण्याचा क्रम ठरलेला ठेवा: आधी अधलंमधलं खाणं सुटतं, मग तास वाढतात, पाणी सगळ्यांत शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. पहिल्याच दिवशी सगळं एकदम बंद, आणि दुपारी दोनला मूल आडवं.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना रोजा नकोच. जाग आली तर सहरीला मांडीवर बसू द्या, खजुराची ताटली त्यांच्या हातून वाटू द्या, दुआ पाठ करून घ्या. ‘एक दाढेचा रोजा’, म्हणजे दिवसभर एकाच बाजूने चावायचं, हा जुना खेळ या वयासाठीच आहे. सहा-सात वर्षांत पहिली पायरी: सकाळचा नाश्ता पोटभर, मग दुपारच्या जेवणापर्यंत बिस्किट, चिप्स, चॉकलेट काही नाही, पाणी हवं तेवढं. हे साडेतीन-चार तास होतात. दुसरी पायरी: पहाटे सर्वांबरोबर सहरी आणि जोहरच्या अजानला जेवण, मधे पाणी चालेल. हे सुमारे सात तास झाले. पहाटे उठवून लगेच सात तासांची उडी फार वाटली तर मधल्या एक-दोन दिवशी सहरीनंतर दहा-अकराला खायला द्या. तिसरी पायरी: जोहरपर्यंत पाण्याशिवाय. लोक ‘चिडिया रोजा’ म्हणतात तो हाच. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा रमजान इथवर आला तरी उत्तम झालं. पुढे असरपर्यंत (दुपार उतरल्यावरच्या नमाजपर्यंत), आणि मग एखाद्या रविवारी पूर्ण. प्रत्येक पायरी किमान दोनदा बिनत्रासाची गेली की मगच पुढची. सलग दोन दिवस धरू देऊ नका, मधे एक दिवस नेहमीसारखं खाणंपिणं. दहाव्या वर्षी महिन्यात दोन ते चार पूर्ण रोजे पुष्कळ झाले. बाराव्या वर्षी दहा-पंधरा. असं वाढत गेलं की फर्ज होईल तेव्हा तीस दिवसांचं ओझं वाटत नाही.

पाणी प्यायलं तर तो शरियतच्या अर्थाने रोजा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. ‘ही तुझी सराव-पायरी आहे’ म्हटलं की मुलं आनंदाने मानतात. गोड बोलून ‘पाणी पिऊनही तुझा पूर्ण रोजा झाला’ असं सांगू नका. वर्गातली दुसरी मुलं ते तिथल्या तिथे खोटं पाडतात, आणि मग मूल पुढच्या वेळी पाण्यालाही नाही म्हणतं. नियतचंही, म्हणजे रोजा धरण्याच्या संकल्पाचंही सांगून ठेवा. कोकणातली बहुतेक घरं शाफई, मराठवाडा-विदर्भातली बहुतेक हनफी (हे दोन मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचे पंथ). शाफई मजहबमध्ये रमजानच्या रोजाची नियत रोज रात्री, फजर (पहाट) होण्याआधी करावी लागते. हनफी मजहबमध्ये दिवसा, मध्यान्हाच्या आत केली तरी चालते. त्यामुळे मूल सहरीला उठलंच नाही आणि आठ वाजता ‘मीही रोजाने आहे’ म्हणालं तर घरात वाद नको. या वयात सहरीशिवाय रोजा नाही, एवढा एकच नियम ठेवा आणि नाश्ता द्या.

आता सहरीच्या ताटाचं, कारण दिवस बिघडतो तो बहुतेक इथेच. 22 ते 25 किलोच्या मुलाला एक भाकरी किंवा दीड पोळी, एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर घट्ट डाळ अथवा मटकीची उसळ, एक वाटी दही, अर्धं केळं, आणि दीड पेला पाणी दोन वेळा करून, असा अंदाज धरा. खिचडी आणि खिमा असेल तर तेही चांगलं, फक्त मीठ-तिखट कमी. दूध-फेणी, शिरा, साखर घातलेले कॉर्नफ्लेक्स, जॅम-ब्रेड यांवर भागवू नका. साखर झपाट्याने चढते आणि तशीच उतरते. दहा-साडेदहाला, शाळेच्या तिसऱ्या तासाला मूल बाकावर डोकं टेकतं, ते या गोड सहरीमुळे. लोणचं, पापड, खारं बटर नको, तहान लागते. चहा तर मुलांना कोणत्याही सहरीला नको. जेवण अजानच्या पाऊण तास आधी सुरू करा. मूल झोपेत असतं, पहिली दहा मिनिटं घासच खाली उतरत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत कोंबलेली भाकरी आणि गटागट प्यालेलं पाणी फजरच्या नमाजपर्यंत उलटून पडतं.

इफ्तारला दोन खजूर आणि एक पेला साधं पाणी, घोटघोट. त्यानंतर कलिंगड, पपई असं थोडं फळ. मग मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज, आणि तिच्यानंतर जेवण. मधला हा पाव तास पोटासाठी फार उपयोगाचा आहे. रिकाम्या पोटी आधी भजी-समोसे आणि वर दोन पेले थंड सरबत गेलं की मुलांच्या पोटात कळ येते, उलटी होते, आणि घरचे समजतात रोजा बाधला. पाच वर्षांखालच्या भावंडांसमोर बियांसकट खजूर, अख्खी द्राक्षं, चणे ठेवू नका, घशात अडकतात.

पाण्याचा हिशेब असा: 20 किलोच्या मुलाला दिवसाला, अन्नातलं पाणी धरून, साधारण दीड लिटर लागतं आणि 30 किलोच्या मुलाला 1.7 लिटर. अन्नातून काही भाग जातो, उरलेलं लिटर-सव्वा लिटर इफ्तार ते सहरी भरून काढायचं. ते एका वेळी जात नाही. इफ्तारला 200 मिलि, जेवणानंतर 200, झोपण्याआधी 200, सहरीला 300, आणि वर एखादा पेला दूध किंवा ताक. तिच्या नावाची एक लिटरची बाटली भरून ठेवली की किती राहिलं ते दिसतं. अंथरूण ओलं करणारं मूल असेल तर झोपण्याआधीचे 200 मिलि तासभर आधी द्या. रमजानात मुलांना बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून रात्री भिजवलेल्या सात-आठ मनुका सहरीला द्या.

झोप हा भुकेपेक्षा मोठा प्रश्न आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान नऊ तास झोप हवी. तरावीह (रमजानातली रात्रीची जादा नमाज) संपून घरी यायला साडेदहा होतात आणि पावणेपाचला उठायचं म्हटलं तर सहा तासही होत नाहीत. रोजाच्या आदल्या रात्री मुलांना इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) लगेच, नऊपर्यंत झोपवा. तरावीहची हौस दुसऱ्या दिवशी रोजा नसेल तेव्हा भागवा. दुपारी दीड तासाची झोप द्या, पण असरनंतर झोपू देऊ नका. तेव्हा आलेली झोप ही सुस्ती आहे की साखर उतरली आहे, हे ओळखता येत नाही.

मुलांच्या मनातल्या काही गोष्टी मोठ्यांच्या लक्षातच येत नाहीत. पहिली म्हणजे थुंकी. स्वतःची लाळ गिळल्याने रोजा मोडत नाही हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मूल दर दोन मिनिटांनी बेसिनशी जाऊन थुंकतं. दुपारपर्यंत ओठांना पांढरे पापुद्रे, घसा कोरडा, आणि ‘बहोत प्यास लगी’. तोंडात नैसर्गिकपणे आलेली लाळ खुशाल गिळायची, हे आदल्या रात्रीच सांगा. दुसरी गोष्ट विसरून खाणं. शाळेच्या नळावर सवयीने दोन घोट प्यायले, मित्राने पुढे केलेलं बिस्किट तोंडात टाकलं आणि मग रडू फुटलं: ‘मेरा रोजा टूट गया क्या?’ नाही मोडला. विसरून खाल्लं-प्यालं तर ते अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं, रोजा पुरा करावा, अशी हदीस आहे. आठवताच थांबायचं, तोंडातलं बाहेर टाकायचं, बस. तिसरी गोष्ट उलटी. आपोआप झालेल्या उलटीने रोजा मोडत नाही, पण मुलाच्या बाबतीत उलटी झाली की मीच रोजा सोडवा म्हणेन. कारण मसला (धर्माचा नियम) वेगळा आणि अंगातलं कमी झालेलं पाणी वेगळं.

शाळेच्या दिवशी पूर्ण रोजा दहा-अकरा वर्षांआधी नको. त्यानंतरही पीटीचा तास, स्काउट, स्नेहसंमेलनाचा सराव, परीक्षा असेल तो दिवस सोडून. बऱ्याच उर्दू शाळांची वेळ रमजानात बदलते, मराठी-इंग्रजी शाळांची बदलत नाही. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: आज रोजा आहे, मैदानावर पळवू नका, चक्कर किंवा अंग थरथरताना दिसलं तर लगेच साखर-पाणी द्या आणि फोन करा, आमची पूर्ण परवानगी आहे. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. रोजा मोडवला म्हणून पालक रागावतील या भीतीने शिक्षक वाट बघत बसतात. दप्तरात डबाही असू द्या, नाही उघडला तर घरी परत येईल.

असरच्या सुमारास मुलाला तपासा. ‘बरं वाटतंय का’ विचारू नका, उत्तर हो असंच येतं. लघवी कधी झाली आणि रंग कसा होता ते विचारा. सहा-सात तासांत झालीच नसेल किंवा गर्द पिवळी असेल तर थांबायचं. पाठ असलेला पाढा म्हणायला लावा, सातचा किंवा आठचा. नेहमी घडाघडा म्हणणारं मूल अडखळलं, चुकलं, विनाकारण चिडलं, तर साखर उतरते आहे असं धरा. थंड घाम, पांढरे ओठ, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात मळमळ, यातलं एक जरी दिसलं तरी रोजा तिथेच सोडायचा. अजानला वीस मिनिटंच राहिली असली तरी. अर्ध्या पेला पाण्यात तीन चहाचे चमचे साखर घालून घोटघोट पाजा. पंधरा मिनिटांत तरतरी यायला हवी, नाही आली तर पुन्हा तेवढंच. मग केळं, दूध, पोळी असं टिकणारं काही द्या, नाहीतर तासाभरात साखर परत उतरते. मूल शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

काही मुलांना घरगुती अंदाजाने रोजा धरायला लावूच नये. टाइप 1 मधुमेह, फिट्सची औषधं चालू असणं, सिकलसेल, किडनीचा किंवा हृदयाचा आजार, पूर्वी कधी उपाशीपोटी साखर उतरून बेशुद्ध होणं, टीबीचे उपचार. सिकलसेलचं विदर्भ-खानदेशातल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी अडकून असह्य वेदनांचा झटका येतो. फिट्सच्या मुलांना भुकेइतकंच जागरण घातक आहे, म्हणून नुसतं सहरीला उठवतानाही विचार करा. वजन वयाच्या मानाने फार कमी असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. ताप, जुलाब, उलट्या असतील त्या दिवशी कुणाचाही हट्ट ऐकू नका. बरं झाल्यावरही दोन दिवस जाऊ द्या.

कधीतरी मूल फ्रिजच्या मागे उभं राहून खाताना सापडेल. आरडाओरडा करू नका आणि भावंडांसमोर तर बोलूच नका. त्याला ताटावर बसवून नीट खायला घाला, आणि पुढची वेळ एक पायरी खाली घ्या. लपून खाणं हा तास जास्त झाल्याचा इशारा आहे. ओरडलात तर भूक तीच राहते आणि वर खोटं बोलण्याची सवय लागते. भावंडांची, चुलतभावंडांची तुलनाही टाळा. भिंतीवर रोजांचे तारे चिकटवायचे असतील तर ते सहरीला उठणं, खजूर वाटणं, शेजारी इफ्तारचं ताट पोचवणं यांसाठीही चिकटवा.

रोजा कुशाईबद्दल माझं मत ठाम आहे. हार, नवे कपडे, पाहुणे, खाऊ-पैसे, हे सगळं मुलांना जन्मभर आठवतं, ते जरूर करा. पण आधी पत्रिका वाटू नका. पन्नास माणसं इफ्तारला येणार म्हटल्यावर नऊ वर्षांचं मूल चक्कर आली तरी तोंड उघडत नाही, आणि आईही ‘बस, आधा घंटा रह गया’ म्हणत राहते. शिवाय त्या दिवशी घरात धावपळ, स्वयंपाकाचा वास, दुपारची झोप नाही, नवा जरीचा शेरवानी-घागरा अंगावर, म्हणजे सगळ्यांत अवघड दिवस पहिल्याच रोजाला. आधी गाजावाजा न करता घरच्या घरी एक पूर्ण रोजा होऊ द्या, आणि मग येणाऱ्या एखाद्या रविवारी पाहुणे बोलवा. त्या दिवशी तिचा रोजा असो वा नसो. सासूबाईंना हे सांगताना त्यांच्याकडेच काम सोपवा: दुआ शिकवणं, सहरीला उठवणं, जोहरला तिचा चिडिया रोजा उघडून देणं. दादीच्या हातचा पहिला घास असेल तर तक्रार उरत नाही.

मुलगी आहे म्हणून एक गोष्ट जास्तीची. मुलींवर रोजा मुलांच्या आधी फर्ज होऊ शकतो, कारण पाळी दहा-अकराव्या वर्षीही येते. नववं संपता संपता तिला दोन गोष्टी सांगून ठेवा. पाळी आली की रोजे फर्ज, आणि पाळीच्या दिवसांत रोजा धरायचाच नाही, ते रोजे नंतर कजा करायचे. रोजात दुपारी पाळी सुरू झाली तर तो रोजा तिथेच संपला, तिने निवांत खावं-प्यावं. घरात बाप-भाऊ असल्यामुळे अनेक मुली त्या दिवसांतही उपाशी राहून रोजाचं सोंग करतात. आधीच रक्त जातं, त्यात पाणीही नाही. तिच्या खोलीत झाकलेला डबा आणि बाटली असू द्या, ‘रोजा आहे ना?’ असं तिला कुणी सर्वांसमोर विचारू नये हे घरातल्या पुरुषांना तुम्ही सांगा, आणि राहिलेल्या रोजांची नोंद तारखेसकट एका वहीत करायला शिकवा. पुढच्या रमजानच्या आत, हिवाळ्यातल्या लहान दिवसांत, आठवड्याला एक-दोन करत ते पाच-सहा रोजे सहज फिटतात. तुम्हीही त्याच दिवशी आपले कजा रोजे धरलेत तर तिला सोबत होते.